जोडधंद्यातील चौथे शील

रविवारी विहारात वंदना आटोपली की दोन-चार तरुण मला बाजूला घेतात. "काका, फोनवर दुकानांच्या जाहिराती चालवून पैसे मिळतात म्हणे. आम्हालाही शिकवा ना." कुणाची नोकरी कंत्राटी, कुणाची सुटलेली, कुणाच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणे जमत नाही आणि उभ्या उभ्या सांगितले तर अर्धेच सांगितले जाते. म्हणून आज लिहूनच सांगतो. पैसे मिळतात. थोडे मिळतात, पण मिळतात. मात्र या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती आपल्याच वस्तीतील एका मावशींना भोवली. ती सांगितल्याशिवाय कुणालाही हे काम शिकवायचे नाही, असे मी ठरवले आहे.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. राहायला कल्याण पूर्वेला. २०२१ साली कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला आणि महिन्याचा हिशेब कोलमडला. मुलगी तेव्हा दहावीत होती. वीस तारखेनंतर घरात कुणी आजारी पडू नये, एवढीच इच्छा असायची. पत्नीने शिवणाचे काम घरी आणले. मी काय करावे ते सुचत नव्हते.

आमच्या चाळीच्या टोकाला एक ताई चपाती-भाजीचे डबे करतात. लॉकडाऊनमध्ये त्यांची सारी गिऱ्हाइके गेली होती. एके दिवशी त्या माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुम्ही पोरं दिवसभर फोनवर असता, माझ्या डब्याचं काही टाका ना त्याच्यावर." मुलीने दोन फोटो टाकले. ते चाळीतल्याच लोकांनी पाहिले आणि त्यांना तर डब्याची गरज नव्हती. मग मुलगी म्हणाली, "पप्पा, पैसे भरून जाहिरात दिली तरच बाहेरच्या लोकांना दिसते." त्या रात्री आम्ही बापलेक एक वाजेपर्यंत बसलो. माझ्या जोडधंद्याची सुरुवात ती.

हे काम कसे चालते ते आधी थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांना सारखीच दिसते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरात तशी नसते. ती कोणाला दाखवायची ते जाहिरात लावणारा ठरवतो. दुकानापासून किती किलोमीटरपर्यंतच्या लोकांना, किती वयाच्या, पुरुषांना की स्त्रियांना, कोणत्या भाषेच्या, हे सारे आपण भरायचे. रोज किती रुपये खर्च करायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचे, हेही आपणच भरायचे. लोकांनी नुसती जाहिरात पाहावी, की व्हॉट्सॲपवर निरोप पाठवावा, की फोन करावा, हा उद्देशही निवडावा लागतो. दुकानदार पानावरचे सोपे बटण दाबून पैसे भरतो, त्याला शंभर अंगठे मिळतात आणि गिऱ्हाईक एकही येत नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की, उद्देश निवडलेलाच नसतो. अंगठ्यांनी गल्ला भरत नाही.

ताईंच्या डब्यासाठी आम्ही रोज १५० रुपयांप्रमाणे दहा दिवस जाहिरात चालवली. १,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७०, असे एकूण १,७७० रुपये गेले. ४१ जणांनी निरोप पाठवले. आम्ही हरखून गेलो. पण त्यातले १७ जण निघाले कल्याण पश्चिमेचे! आम्ही घराभोवती चार किलोमीटरचे वर्तुळ काढले होते आणि त्या वर्तुळाला मधले रेल्वेचे रूळ कुठे ठाऊक? ताईंचा मुलगा सायकलवर डबे पोचवतो. तो रूळ ओलांडून पलीकडे कसा जाणार? तरीही राहिलेल्या २४ जणांमधून नऊ जणांनी महिन्याचा डबा लावला. पुढच्या वेळी आम्ही वर्तुळ लहान केले, पश्चिमेचा भाग वगळला आणि संध्याकाळी थकून घरी परतणाऱ्या एकट्या नोकरदारांना समजेल असा दोन ओळींचा मजकूर लिहिला. फोटो दुकानी थाटाचा घेतला नाही. ताई पोळपाटावर चपाती लाटत आहेत, एवढाच घेतला, तोही खिडकीपाशी सकाळच्या उजेडात. या वेळी खर्च तेवढाच झाला आणि १४ डबे लागले.

ताईंनी मला ५०० रुपये आणि आठवडाभराची भाजी दिली. नोकरीबाहेरची माझी पहिली कमाई ती. ताईंकडून ऐकून एक टेलर मास्तर आले, मग दुचाकीचे गॅरेजवाले आले, मग शिकवणीचे वर्ग चालवणारे एक सर आले. दोन वर्षांत चार कायमची कामे झाली. प्रत्येकी महिना १,५०० रुपये. आठवड्याचे आठ-नऊ तास जातात, तेही रात्रीचे. कारखान्याच्या वेळेत मी या कामाचा फोन उचलत नाही.

पहिली शिक्षा मास्तरांच्या कामात मिळाली. दिवाळीच्या शिलाईची जाहिरात सात दिवसांसाठी लावायची होती, रोज २०० रुपये. घाईत मी शेवटची तारीख भरायलाच विसरलो. दिवाळी संपली, फराळ संपला, तरी जाहिरात आपली चालूच! २३ दिवसांनी मास्तरांना बँकेचा निरोप आला तेव्हा ते धावत घरी आले. १६ दिवसांचे ३,२०० रुपये आणि त्यावरचा कर धरून ३,७७६ रुपये वाया गेले होते. मास्तर भले माणूस. म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, चूक होते." पण चूक माझी आणि पैसे मास्तरांच्या सुईदोऱ्याचे. मी दोन हप्त्यांत ती रक्कम परत केली. अडीच महिने त्यांचे काम जवळजवळ फुकट केल्यासारखे झाले. त्या दिवसापासून पत्नीने एक वही घातली. प्रत्येक जाहिरातीची सुरू झाल्याची तारीख, बंद होण्याची तारीख आणि रोजचा खर्च ती स्वतः लिहिते आणि शेवटच्या दिवशी मला विचारते, "बंद केली का?"

या धंद्यात जात आड येत नाही, असे मला सुरुवातीला वाटले होते. फोनवर काम, फोनवर पैसे, कोण कोणाला पाहतो? पण एका मिठाईच्या दुकानाचे काम तीन महिने उत्तम चालले असताना १४ एप्रिलला मी माझ्या फोनवर बाबासाहेबांचा फोटो ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात मालकांचा निरोप आला, "सध्या जाहिरात थांबवू." पुढे त्यांची जाहिरात दुसरा कोणी चालवताना दिसला. मी त्यांना काही विचारले नाही. त्यांच्या मनात काय होते ते तेच जाणोत.

त्या रात्री मला बाबासाहेबांच्या चरित्रातील एक गोष्ट आठवली. बडोद्याला राहायला जागा न मिळाल्याने ते १९१७ साली नोकरी सोडून मुंबईला परतले. पोट भरण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. दुसरी गोष्ट तर थेट जाहिरातीचीच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. या नव्या पत्राची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, तिचे पैसे द्यायचीही तयारी होती, तरी 'केसरी'ने ती छापली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, शंभर वर्षांपूर्वी रोख पैसे मोजूनही आपल्या पत्राची चार ओळींची जाहिरात लागत नव्हती. आज कल्याण पूर्वेच्या चाळीतील एक बाप आणि त्याची दहावीतील मुलगी कुणाचीही परवानगी न घेता दहा हजार लोकांपुढे मजकूर ठेवू शकतात. ही लहान गोष्ट नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. आजही वाटतो. पण हातात आलेल्या साधनाचे आपण काय करतो, हा प्रश्न अभिमानाने सुटत नाही. तो मला पुढच्याच वर्षी पडला.

२०२३ च्या मे महिन्यात बाजारातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचे जडीबुटीचे दुकान. मधुमेहावर त्यांनी एक पावडर काढली होती. म्हणाले, "नव्वद दिवसांत साखर मुळापासून जाते. गोळ्या बंद. तुम्ही फक्त लोकांपर्यंत पोचवा. महिना सहा हजार देतो." माझी चार गिऱ्हाइके मिळून जेवढे देत होती, तेवढे हे एकटे देणार होते. मुलीला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण वसतिगृह, पुस्तके आणि लॅपटॉप यांचे पैसे आधी लागणार होते. मी हो म्हटले.

पत्नीने एकच प्रश्न विचारला, "ही पावडर तुम्ही आपल्या आईंना दिली असती का?" माझ्या आईला बारा वर्षे मधुमेह होता, तिच्या गोळ्या मीच आणून देत असे. मी म्हणालो, "आपण औषध विकत नाही, जाहिरात करतो. घ्यायचे की नाही ते लोकांचे लोक बघतील." हे वाक्य मी तेव्हा मोठ्या खात्रीने बोललो. आज ते लिहिताना हात अडखळतो.

पहिली जाहिरात नामंजूर होऊन परत आली. आजार बरा करण्याचे असे दावे चालत नाहीत, हा नियम त्यात स्पष्ट सांगितला होता. तेथे थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. मालक म्हणाले, शब्द बदला. मी मजकूर फिरवून लिहिला, रोगाचे नाव काढले, पण वाचणाऱ्याला अर्थ तोच लागेल अशी काळजी घेतली. एका हसऱ्या म्हाताऱ्या बाईंचा फोटो लावला. जाहिरात मंजूर झाली. मग मी माझे कसब पणाला लावले. वय पन्नासच्या पुढे. अंतर पाच किलोमीटर. मराठी वाचणारे. वेळ दुपारची, कारण दुपारी घरातील म्हातारी माणसे फोन पाहत बसतात, हे मला आता ठाऊक झाले होते. चपातीच्या डब्यासाठी शिकलेली प्रत्येक गोष्ट मी त्या पावडरीसाठी वापरली. निरोपांचा पाऊस पडला. मालक खूष. मी तीन महिन्यांचे १८ हजार घेतले आणि मुलीचा लॅपटॉप आला.

त्या वर्षी वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. पुढच्या रांगेत डाव्या बाजूला बसणाऱ्या एक मावशी दोन रविवार दिसल्या नाहीत. पूर्वी त्या सफाई खात्यात होत्या, आता निवृत्त. ग्रंथवाचनाचा एक दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, इस्पितळात आहेत, पायाचे बोट काढावे लागले. मी भेटायला गेलो. त्यांचा मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, "काका, आईने दोन महिने गोळ्याच घेतल्या नाहीत. आम्हाला सांगितलेही नाही. फोनवर कसली तरी पावडर पाहिली आणि तीच घेत बसली. पायाला जखम झाली ती भरेना, साखर चारशेच्या वर गेली." त्याने आईचा फोन काढून मला दाखवला. हसऱ्या म्हाताऱ्या बाईंचा तो फोटो होता. खालचा मजकूर माझा होता.

मी आत गेलो. मावशी पडून होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये बाबा." मी विचारले, "मावशी, तुम्ही गोळ्या का सोडल्या?" त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं, फोनवर आलंय म्हणजे सरकारने बघूनच येऊ दिलं असेल. आणि मराठीत होतं. आपल्याच माणसाने लिहिल्यासारखं होतं."

आपल्याच माणसाने लिहिले होते. मी तेव्हा त्यांना ते सांगू शकलो नाही. घरी आलो, जेवलो नाही. रात्री पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही, तिने वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीन महिन्यांच्या तारखा तिच्याच अक्षरात होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी जाहिरात बंद केली आणि मालकांना कळवले की, यापुढे हे काम मी करणार नाही. ते म्हणाले, "एका बाईने अति केले म्हणून सगळ्यांचे नुकसान करता?" मग म्हणाले, "दहा देतो." मी फोन ठेवला. त्यानंतरच्या रविवारी मी मावशींना आणि त्यांच्या मुलाला खरे सांगितले. मुलगा उठून बाहेर गेला. मावशी बराच वेळ भिंतीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेला ना रे?" एवढेच. शिवी दिली असती तरी बरे वाटले असते. १८ हजारांपैकी हातात काही उरले नव्हते. ड्रेसिंगचा आणि रिक्षाचा खर्च मी वर्षभर दरमहा दीड हजारप्रमाणे दिला. मावशी नको म्हणत होत्या, मुलाने घेतला. त्याने मला पुन्हा 'जयभीम' घालायला आठ महिने लागले.

नंतर मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे. काही ठरावीक रोगांवर औषधाचा गुण येतो, अशी जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे आणि त्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. मनाई नुसती औषध विकणाऱ्याला नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्याच्या कामात कोणीही भाग घेऊ नये, असे कायदा सांगतो. म्हणजे मी पत्नीला जे म्हणालो होतो, "आपण औषध विकत नाही, जाहिरात करतो," ते कायद्याने सत्तर वर्षांपूर्वीच खोडून ठेवले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी सर्व मजकुराची चित्रे काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. त्यात जाहिरात मी चालवली होती, हेही लिहिले.

पण कायद्याच्या आधी शील आहे. रविवारी आपण सारे हात जोडून पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे. मला वाटायचे, खोटे तर दुकानदार बोलतो, मी फक्त पोचवतो. मावशींच्या खाटेजवळ मला कळले की, या धंद्यात पोचवणारा हाच निम्मा बोलणारा असतो. दुकानदाराला मावशी ठाऊक नव्हत्या. पन्नासच्या पुढचे वय, पाच किलोमीटर, मराठी आणि दुपारची वेळ, असे करत करत मावशींच्या खाटेपर्यंतचा रस्ता मी आखला होता. पूर्वीचा दवंडी पिटणारा सर्वांना ऐकू जाईल असे ओरडत असे. मी त्यांच्या कानाशी जाऊन बोललो होतो.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव सांगितला. उपासकाने शस्त्रांचा, मद्याचा, विषाचा व्यापार करू नये, असे सुत्तात आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात त्याचा अर्थ अगदी सोपा करून ठेवला आहे. प्रत्येकाला उपजीविका मिळवावीच लागते, पण दुसऱ्याला इजा किंवा अन्याय न करता जी मिळवली जाते तीच चांगली. मधुमेह्याच्या गोळ्या सोडायला लावणारी पावडर आणि विष यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. त्या वर्षावासात हेच पान वाचले गेले तेव्हा मी रांगेत बसलो होतो आणि मान डोलावली होती. माझी जाहिरात त्या वेळीही चालू होती.

आता तरुणांच्या प्रश्नाकडे येतो. हे काम करायचे असेल तर करा. लाज बाळगण्यासारखे त्यात काही नाही. पण माझ्या वहीच्या पहिल्या पानावर काही गोष्टी लिहिल्या आहेत, त्या तुम्हीही लिहून ठेवा.

जाहिरातीचे खाते दुकानदाराच्याच नावाने काढा आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. आपली मजुरी वेगळी घ्या. दुसऱ्याचा पासवर्ड मागू नका. पासवर्ड न घेताही दुकानदार आपल्याला काम करण्यापुरती परवानगी देऊ शकतो. शेवटची तारीख भरल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका. पहिल्यांदा थोडे पैसे लावा, आठ दिवस पाहा, मग वाढवा. किती गिऱ्हाइके येतील याचा शब्द कधीही देऊ नका, कारण तो आपल्या हातात नाही. आलेल्या निरोपाला तासाभरात उत्तर देणे दुकानदाराला जमणार नसेल, तर त्याला आधीच सांगा की पैसे वाया जातील. आणि दर महिन्याला किती गेले, किती निरोप आले, किती गिऱ्हाइके झाली, हे एका कागदावर लिहून द्या, मग ते आकडे वाईट का असेनात.

काही कामे मी घेत नाही. रोग बरा करणाऱ्या पावडरी आणि तेले नाहीत. मूठ, करणी, वशीकरण काढणारे बाबा नाहीत. त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आधी पैसे भरा मग नोकरी देतो, म्हणणारे नाहीत. दामदुपटीच्या योजना नाहीत. आणि जे काम घेतो त्याचा मजकूर आधी पत्नीला वाचून दाखवतो. तिने 'हं' म्हटले तर पुढे जातो. तिच्या पहिल्या प्रश्नाची किंमत मला फार उशिरा कळली.

शिकण्यासाठी कुणाला वीस-तीस हजार रुपये देऊ नका. 'महिन्यात लाख कमवा' असे सांगणाऱ्यांची कमाई बहुधा तुमच्या फीमधूनच होते. या कामाची माहिती फुकट मिळते. खरा सराव ओळखीच्या एका लहान दुकानाबरोबर होतो. व्हिडिओला अंगठा द्या आणि पैसे मिळवा, असे सांगून नंतर तुमच्याकडूनच पैसे भरून घेणारे वेगळे. ती सरळ फसवणूक आहे. कोणी फसला असेल तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी परवानगीशिवाय जोडधंदा करू नये. खासगी नोकरीतल्यांनी आपले नेमणूकपत्र एकदा वाचून पाहावे.

कमाई किती, हेही सांगतो. आज माझी पाच कामे आहेत, महिना साधारण साडेसात हजार. सणांच्या दिवसांत थोडे अधिक, पावसाळ्यात एखादे काम सुटते. यावर नोकरी सोडता येत नाही आणि सोडूही नये. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला सांगितले आहे की, मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. आमच्या घरी या जोडकमाईचे तसेच चार भाग होतात. एक घरात जातो, दोन मुलीच्या शिक्षणाला, कारण तेच आमचे भांडवल, आणि चौथा पोस्टात. सहा हजारांचे ते काम सोडले त्या वर्षी पोस्टात काही पडले नाही, पण मुलीचे शिक्षणही थांबले नाही. सहा महिने संध्याकाळी मी एका गोदामात माल मोजायचे काम केले. ते जमले. जमणार नाही असे वाटले होते, म्हणून मी ती पावडर घेतली होती.

मागच्या महिन्यात मावशींनी मला बोलावले. त्यांची नात घरी केलेले मसाले विकते आणि तिला जाहिरात करायची आहे. मी गप्प राहिलो. मावशी म्हणाल्या, "तूच कर. पण लिहिलेलं आधी मला वाचून दाखव." मी मजकूर लिहून नेला. त्यात 'शहरातील सर्वोत्तम मसाला' असे शब्द होते. मावशींनी चष्मा लावला, दोनदा वाचले आणि विचारले, "शहरातले सगळे मसाले चाखलेत का तू?" मी ते शब्द खोडले. आता जाहिरातीत एवढेच आहे की, मसाला घरी केलेला आहे, मिरची कोणती आहे, पाव किलोचा भाव काय आणि कधी मिळेल. पहिल्या आठवड्यात अकरा निरोप आले. फार नाहीत. पण त्यातल्या एकाशीही आम्ही खोटे बोललेलो नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी विहारात थांबणार आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी फोन आणि एक वही घेऊन यावे. शिकवणी फुकट आहे. पहिला धडा मावशी देणार आहेत.

जयभीम.